वजनकाट्याचा ड्रायव्हर

सोहारच्या बंदरात, तीन नंबरच्या फाटकाशी
एक वजनकाटा आहे.
त्याचं कार्ड माझ्या वयाचं.
कार्ड बनवणारी कंपनी बुडाली, कार्ड नाही बुडालं.
मागच्या वर्षी हुकूम आला:
सगळी जुनी यंत्रं आभासी करा,
एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात भरा.
भरली.
काटा मात्र लोखंडाचा, तो कुणाच्या पोटात जाईना.

म्हणून हा ड्रायव्हर दोन फाळ्यांत लिहिला.
अर्धा आत, पाहुण्या यंत्रात,
त्याला वाटतं काटा आपल्याच दारात आहे.
अर्धा बाहेर, यजमानाकडे,
त्याच्या हाताला खरी वायर लागते.
मधे भिंत. भिंतीत एक कोनाडा,
मेमरीचं एकच पान,
त्यावर बत्तीस खणांचं रिंगण.

बद्रियाला हे समजावताना माझं इंग्रजी संपलं.
म्हटलं, आमच्या जिंतूरला
आई भिंतीवरून शेखकाकूंना वाटी द्यायची, बेसनासाठी.
वाटी तीच परत यायची, रिकामी कधीच नाही.
मागणी ज्या खणात, उत्तरही त्याच खणात.
वाटी दिली म्हणजे घर दिलं असं नाही,
पण परत येईपर्यंत फडताळात
तेवढी जागा मोकळी दिसत राहते.
ती म्हणाली, आमच्याकडेही असंच, फक्त वाटीत खजूर.
त्या फंक्शनचं नाव अजून ‘वाटी परत’ आहे.
ऑडिटवाल्यांनी विचारलं, आम्ही दोघी गप्प बसलो.

मग जूनमधला तो ट्रक.
क्रोमाईटने गच्च भरलेला, चालवणारा गुलजमीन, बन्नूचा.
पडद्यावर वजन आलं, अकरा टन चारशे.
पुन्हा घेतलं, चव्वेचाळीसच्या वर.
पुन्हा, अकरा चारशे.
फाटकावरच्या सालेमला लबाडी वाटली,
ट्रक बाजूला लावला.
सहा तास. सेहेचाळीस अंश.
मी वर, स्वेटर घालून, लॉग वाचत होते.
लॉगमध्ये घाम उमटत नाही.

शेवटी ताकाच्या दोन बाटल्या घेऊन खाली गेले.
तो टायरच्या सावलीत बसला होता, सावलीएवढाच.
विचारलं, तुझं काम काय?
म्हटलं, मी ड्रायव्हर लिहिते.
ताक त्याच्या नाकातून आलं.
ड्रायव्हर लिहितेस? मग मला जरा बारीक लिही,
आणि हा डावा गुडघा नवा लिही.
मग बाटलीचं झाकण लावत, सहज,
अकरा चारशे? ते तर इस्माईलच्या रिकाम्या टँकरचं वजन.
रोज चिडवतो आम्ही त्याला.
सकाळीच गेला तो, माझ्या कितीतरी आधी.

कितीतरी म्हणजे किती?
सालेमची वही घेतली, ओळींवर बोट ठेवत मागे गेले.
एकतीस गाड्या सोडल्या,
बत्तिसाव्या ओळीवर इस्माईल.

बत्तीस.
रिंगणाचा एक पुरता फेरा.

माझा क्रम कागदावर बरोबर होता:
आधी खणात वजन ठेव,
मग आकडा पुढे सरकव,
मग घंटा वाजव.
प्रोसेसरला वाटलं, ओळी वरखाली झाल्या तर काय बिघडतं?
आकडा आधी सरकला.
आतल्याने घंटा ऐकून खणात हात घातला,
हाताला मागच्या फेऱ्यातलं शिळं लागलं.
त्याने ते ताजं समजून वाढलं.
चूक त्याची नाही. माझीही
म्हणायला नाही, पण सहा तास माझेच.

रात्री दोन वाजता
त्या दोन ओळींच्या मधे एक अडसर टाकला,
दाराला आतून टाकतात तसा.
एक ओळ. अर्धविरामासकट सहा अक्षरांची.
घरी जाताना रस्त्यावर उंटांची पाटी दिसली, उंट नव्हते.

गुरुवारी गुलजमीन पुन्हा आला.
काट्याने त्याला पहिल्याच फटक्यात तोललं,
परवानगीपेक्षा नऊशे किलो जास्त.
दंडाची पावती त्याच्या हातात,
मी खिडकीत.
त्याने हॉर्न दाबून धरला,
डोकं बाहेर काढून ओरडला,
बारीक लिही म्हटलं होतं!